यादीत नसलेल्या कॉलेजांवर यादीचा परिणाम

चोपड्याकडच्या एका अनुदानित महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन, शांघाय या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवाऱ्यांमुळे एखाद्या देशाची उच्च शिक्षणव्यवस्था सुधारते की बिघडते? आणि आपलं उमवि (जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) किंवा आपली कॉलेजं त्या याद्यांच्या वरच्या पानांवर नसताना खानदेशात बसून आपण त्याची काळजी का करायची?

काळजी करायची, कारण यादीत नाव नसलं तरी यादीला जोडलेल्या अटी आपल्या गावापर्यंत येतात. शैक्षणिक कर्ज, परदेश शिष्यवृत्ती, परदेशी विद्यापीठांना परवानगी, प्राध्यापकांकडे होणारी पेपरांची मागणी, सगळीकडे आता क्रमांक शिरला आहे. मी नोकरीतली बरीच वर्षं आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या खोलीत काढली. नॅकच्या मूल्यांकनाचा एसएसआर अहवाल, उच्च शिक्षणाच्या केंद्रीय पाहणीचा (एआयएसएचई) आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीचा (एनआयआरएफ) डेटा भरणं हेच काम. त्या खुर्चीवरून माझं मत असं झालं आहे की यादी प्रसिद्ध होते तेव्हा फारसं काही घडत नाही. सरकार त्या यादीला पैसा किंवा परवानगी बांधतं, त्या दिवसापासून व्यवस्था हलायला लागते. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तरही त्यातच आहे, म्हणून जरा मागून येतो.

आजच्या प्रकारची जागतिक क्रमवारी २००३ मध्ये शांघाय जिआओ टोंग विद्यापीठातून निघाली. चीनने १९९८ मध्ये ‘९८५ प्रकल्प’ जाहीर करून निवडक विद्यापीठांत मोठा पैसा घालायचं ठरवलं होतं, आणि अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांपासून आपण किती मागे आहोत हे मोजायला त्यांना पट्टी हवी होती. त्या पट्टीवर ३० टक्के गुण नोबेल आणि फील्ड्स पदकं मिळवलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी व प्राध्यापकांसाठी, २० टक्के ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधल्या लेखांसाठी, २० टक्के सर्वाधिक संदर्भ मिळणाऱ्या, म्हणजे ज्यांच्या लेखांचा दाखला इतर संशोधक सर्वाधिक देतात अशा संशोधकांसाठी. वर्गात काय शिकवलं जातं याला थेट एकही गुण नाही. पुढच्याच वर्षी लंडनहून टाइम्स आणि क्यूएसने मिळून दुसरी यादी काढली. २०१० मध्ये दोघे वेगळे झाले आणि आपल्या वाट्याला तीन याद्या आल्या.

पहिला हादरा युरोपला बसला. फ्रान्समध्ये बरंचसं संशोधन सीएनआरएसकडे, जर्मनीत माक्स प्लांक संस्थांकडे, म्हणजे विद्यापीठांच्या बाहेर. शांघायची पट्टी मात्र विद्यापीठाचंच माप घेते. त्यामुळे विज्ञानात मातब्बर असलेले हे देश यादीत किरकोळ दिसू लागले. जर्मनीत सगळी विद्यापीठं साधारण एका पातळीची मानायची रीत होती. तिथे २००५-०६ मध्ये ‘एक्सलन्स’ योजना आली आणि पहिल्या फेरीत १.९ अब्ज युरो निवडक ठिकाणी गेले. क्रमवारी हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण चर्चेत ती सतत होती. फ्रान्सने विलीनीकरणाचा रस्ता धरला. अनेक संस्था एकत्र आणून उभं केलेलं पॅरिस-साक्ले विद्यापीठ २०२० मध्ये शांघाय यादीत पहिल्यांदाच आलं ते थेट १४ व्या क्रमांकावर. शास्त्रज्ञ तेच, प्रयोगशाळा त्याच, पाटी नवी. रशियाने तर क्रमांकच राष्ट्रीय उद्दिष्ट केला: २०२० पर्यंत पाच विद्यापीठं जगात पहिल्या शंभरांत. त्या प्रकल्पात पैसा मिळालेलं एकही विद्यापीठ ठरलेल्या वर्षी मुख्य जागतिक याद्यांच्या पहिल्या शंभरांत नव्हतं.

पण मला सगळ्यांत बोलकं वाटतं ते मलेशियाचं उदाहरण. २००४ च्या पहिल्या टाइम्स-क्यूएस यादीत मलाया विद्यापीठ ८९ वं आलं. ‘जगातल्या पहिल्या शंभरांतलं विद्यापीठ’ असे फलक लागले. २००५ मध्ये तेच विद्यापीठ १६९ व्या जागी गेलं. वर्षभरात असं काय बिघडलं? पहिल्या वर्षी तिथल्या चिनी आणि भारतीय वंशाच्या मलेशियन विद्यार्थ्यांची गणना चुकून ‘परदेशी’ अशी झाली होती. दुसऱ्या वर्षी ती दुरुस्त झाली. ज्यांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत आली, ती मुलं एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेली आणि देशात गदारोळ उठला. संसदेत चर्चा झाली, कुलगुरूंना पुढे मुदतवाढ मिळाली नाही.

आता हेच आपल्या दारात बघा. एनआयआरएफमध्ये ‘आउटरीच अँड इन्क्लुजिव्हिटी’ नावाचा भाग आहे. त्यातल्या १०० पैकी ३० गुण दुसऱ्या राज्यातले आणि परदेशातले विद्यार्थी किती यावर. बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशाची राजधानी होती. आज ते मध्य प्रदेशात आहे. तिथला मुलगा पॅसेंजरने रावेरला येऊन संध्याकाळी घरी जेवायला परत जाऊ शकतो. तो आपल्या डेटात ‘आउटसाइड स्टेट’ म्हणून चढतो आणि गुण देतो. मोलगीची एखादी भिल्ल किंवा पावरा मुलगी सातपुड्यातून दोनशेहून अधिक किलोमीटर येऊन जळगावच्या वसतिगृहात राहते, घरात कॉलेज पाहणारी पहिलीच. प्रादेशिक विविधतेच्या रकान्यात तिची नोंद शून्य. तिच्यासाठी सामाजिक-आर्थिक दुर्बलतेचा वेगळा रकाना आहे हे मान्य, त्याला गुणही आहेत. आणि हा सगळा भाग एकूण गुणांत १० टक्केच. तरीही यादीच्या खालच्या टप्प्यात दशांश गुणावर दहा-वीस जागा हलतात, त्यामुळे सीमेवरच्या कॉलेजला नकाशाच मदत करतो आणि मोलगीच्या मुलीसाठी झटणाऱ्या कॉलेजला तेवढी मदत होत नाही. रकाना कुणी आखला आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय क्रमांक वाचू नये, एवढंच म्हणतो.

भारतातली दोन उदाहरणं तुम्हाला वर्गातही उपयोगी पडतील. २०१३-१४ च्या टाइम्स यादीत चंदीगडचं पंजाब विद्यापीठ भारतात पहिलं आलं, आयआयटींच्या पुढे. तिथले भौतिकशास्त्रज्ञ सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या प्रयोगांत सहभागी होते; हिग्ज बोसॉनच्या पेपरांवर हजारो लेखकांची नावं असतात आणि त्या पेपरांना संदर्भही भरमसाट मिळतात. त्याचा फायदा झाला. २०१५ मध्ये टाइम्सने हजाराहून जास्त लेखक असलेले पेपर मोजणं थांबवलं आणि विद्यापीठ ५०१ ते ६०० च्या गटात गेलं. दुसरं, बंगळुरूची आयआयएससी. प्राध्यापकामागे मिळणाऱ्या संदर्भांत क्यूएसने तिला १०० पैकी १०० दिले होते. तरी २०२३ च्या यादीतल्या १५५ वरून ती २०२४ च्या यादीत २२५ वर आली. क्यूएसने त्या वर्षी सूत्र बदललं: शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचं वजन २० वरून १० टक्क्यांवर आणलं आणि शाश्वतता, रोजगार असे नवे निकष घातले. आयआयएससीत शिक्षकांमागे विद्यार्थी कमी, तोच तिचा जमेचा भाग अर्धा झाला. त्याच सूत्राने आयआयटी मुंबई १७२ वरून १४९ वर चढली आणि वर्तमानपत्रांनी पेढे वाटले. संशोधन दोन्हीकडे आदल्या वर्षीसारखंच चालू होतं.

मग भारताची विद्यापीठं एकुणात मागे का दिसतात? आपल्याकडे सवय आहे ती प्राध्यापकांना झोडपण्याची. थोडं झोडपावं, काही जण त्याला पात्रही आहेत. पण मोठी कारणं रचनेत आहेत. स्वातंत्र्यानंतर आपण संशोधनाचा पैसा सीएसआयआरच्या प्रयोगशाळा, अणुऊर्जा विभाग, आयसीएआरच्या संस्था यांच्याकडे वळवला. विद्यापीठांकडे राहिल्या परीक्षा, निकाल आणि संलग्नता. केळीवर काम करायचं तर जळगावचं केळी संशोधन केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. त्याचा एकही पेपर उमविच्या नावावर चढत नाही, आणि शेतकी विषय सामान्य विद्यापीठाच्या अखत्यारीत नाही. फ्रान्स-जर्मनीचीच कहाणी, फक्त आपल्याकडे पैसा कमी.

त्यात आपलं विद्यापीठ तरुण. पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं १९९० मध्ये. बहिणाबाईंचं नाव मिळालं २०१८ मध्ये. इथेच आयक्यूएसीवाल्यांना माहीत असलेली एक किरकोळ वाटणारी गोष्ट सांगतो. एनआयआरएफ पेपरांची संख्या तुमच्याकडून मागत नाही. ती स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या जागतिक सूचींमधून स्वतः उचलते, संस्थेच्या नावावरून. आता बघा, एकाच विभागातले पेपर ‘नॉर्थ महाराष्ट्र युनिव्हर्सिटी’, ‘एनएमयू जळगाव’, ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी…’ आणि ‘केबीसीएनएमयू’ अशा निरनिराळ्या नावांनी छापले जातात. कवयित्रीचं स्पेलिंग तर जितके लेखक तितक्या तऱ्हांचं. संलग्न कॉलेजातला शिक्षक कधी फक्त कॉलेजचं नाव टाकतो, कधी फक्त विद्यापीठाचं, कधी संस्थेचं. संगणक हे सगळं एका खात्यात आपोआप जमा करेल असं धरून चालू नका. हार्वर्डला ही अडचण नाही. नामांतर झालेल्या, तीन जिल्ह्यांची संलग्नता सांभाळणाऱ्या विद्यापीठाला आहे.

भारत सरकारने क्रमवारीला जे उत्तर दिलं त्याचे दोन पदर आहेत. एक वरच्यांसाठी: २०१७ ची ‘इन्स्टिट्यूशन्स ऑफ एमिनन्स’ योजना. दहा सरकारी आणि दहा खासगी संस्था निवडायच्या, सरकारी संस्थेला पाच वर्षांत १००० कोटींपर्यंत द्यायचे, आणि दहा वर्षांत त्यांनी जागतिक पहिल्या पाचशेंत यायचं, पुढे शंभरांत. दुसरा सगळ्यांसाठी: एनआयआरएफ. २०१५ मध्ये घोषणा, २०१६ मध्ये पहिली यादी. हेतू बरा होता. जागतिक याद्यांत भारतीय संदर्भ बसत नाही, तर आपला आपण मोजू, त्यात मुली किती, वंचित घटकांतली मुलं किती हेही धरू. आयआयटींनीही २०२० मध्ये कणा दाखवला होता. मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रुरकी आणि गुवाहाटी अशा सात आयआयटींनी पारदर्शकता नाही म्हणून टाइम्सच्या यादीतून अंग काढून घेतलं. नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठाने पुढे २०२३ मध्ये तसंच केलं, त्यानंतर झुरिक विद्यापीठाने.

बहिष्कार उट्रेख्तला परवडतो. पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या कॉलेजला परवडत नाही, कारण एनआयआरएफ आता नुसती यादी उरली नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना घ्या. तारण नको, जामीनदार नको. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत. पण प्रवेश ‘दर्जेदार’ संस्थेत हवा. दर्जेदार कोण? एनआयआरएफच्या एकूण, प्रकारनिहाय किंवा विषयनिहाय यादीत पहिल्या शंभरांत असलेली संस्था. राज्य सरकारची असेल तर दोनशेपर्यंत. आणि केंद्राच्या संस्था. सुरुवातीला देशभरात अशा ८६० भरल्या. आपल्या भागात शिरपूरचं आर. सी. पटेल फार्मसी कॉलेज फार्मसीच्या यादीत दिसतं, पण अशी नावं बोटावर मोजण्यासारखी.

प्रवेशाच्या दिवसांत धुळ्याकडचे एक पालक माझ्यासमोर बसले आणि त्यांनी सरळ विचारलं, “सर, पोऱ्याले आठेच टाकू का पुन्याले धाडू?” कोरडवाहू कापूस, घरात एकटा शिकणारा. मी त्यांना शिक्षक, प्रयोगशाळा, खर्च यांबद्दल सांगत होतो आणि त्यांचा खरा प्रश्न कर्जाचा होता. पुण्यातल्या यादीतल्या कॉलेजला घातलं तर बँक या योजनेत बिनजामिनाचं कर्ज देते. घराजवळच्या, खर्च निम्म्याहून कमी असलेल्या कॉलेजला घातलं तर ही योजना लागूच नाही; नेहमीचं शैक्षणिक कर्ज, त्यासाठी मॅनेजरच्या टेबलासमोर फेऱ्या. मुलगा तोच, उत्पन्न तेच. मी काय सांगणार? पुण्याला धाडा म्हटलं.

असं घराघरांत घडलं की पुढचं गणित तुम्हाला ठाऊक आहे. तुकडीत मुलं कमी झाली की वर्कलोड कमी होतो, वर्कलोड गेला की पद अतिरिक्त ठरतं किंवा रिक्त झालेलं भरलं जात नाही, मग तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात आणि निघून जातात. एनआयआरएफमध्ये शिक्षक-विद्यार्थी प्रमाण आणि पीएचडीधारक अनुभवी शिक्षक यांना भरपूर वजन आहे. रिक्त पदांचं हे दुखणं खानदेशापुरतं नाही. २०२५ च्या एनआयआरएफमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ एकूण यादीत ३७ वरून ९१ वर घसरलं तेव्हाही चर्चा प्राध्यापकांच्या रिक्त जागांचीच झाली. भरतीची परवानगी राज्याने रोखायची, क्रमांक घसरला की विद्यापीठाला जाब विचारायचा, आणि क्रमांक घसरला म्हणून केंद्राच्या योजनेतून विद्यार्थ्याने बाहेर राहायचं. तिघांचेही कागद बरोबर असतात, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

परदेशी जाणाऱ्यांनाही हीच चाळणी. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचा प्रवेश क्यूएस यादीत २०० च्या आत असलेल्या विद्यापीठात लागतो. सरकारला बोगस परदेशी कॉलेजांपासून पैसा वाचवायचा आहे, ते ठीकच. पण नंदुरबारच्या सिकलसेलवर पुढे काम करू पाहणारी मुलगी लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्रवेश मिळवते असं समजा. उष्ण प्रदेशांतल्या आजारांसाठी जगात त्या संस्थेचं नाव घेतात. ती एकाच क्षेत्रातली संस्था असल्यामुळे क्यूएसच्या एकूण यादीत धरलीच जात नाही. मग २०० च्या आतली अट तिला लावायची कशी? ब्रिटनने २०२२ मध्ये जगातल्या वरच्या विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी वेगळा व्हिसा काढला, तो जागतिक याद्यांच्या पहिल्या पन्नासांवर. त्या पहिल्या यादीत भारतातली एकही संस्था नव्हती. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार भारतात शाखा काढू पाहणाऱ्या परदेशी विद्यापीठाने एकूण किंवा विषयनिहाय यादीत पहिल्या पाचशेंत असावं लागतं, नाहीतर एखाद्या क्षेत्रात खास प्रावीण्य दाखवावं लागतं, आणि फी तेच ठरवतात. गुरुग्राम, नवी मुंबई अशा ठिकाणी त्या शाखा येत आहेत. नंदुरबारला कुणी येणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता शिक्षकांवर होणारा परिणाम. हा विषय तुमच्या अगदी जवळचा आहे, कारण तुम्ही पत्राच्या शेवटी व्हॉट्सॲपवर आलेली एक जाहिरातही जोडली आहे: ‘स्कोपस पब्लिकेशन, गॅरंटीड, लवकरात लवकर’. या धंद्याचा जन्म क्रमवारीने दिला असं म्हणणं अन्यायाचं होईल. बढतीसाठी मोजले जाणारे एपीआयचे गुण, पीएचडीआधी पेपर छापायची सक्ती, नॅकचे रकाने, हे सगळं आधीपासून होतं. यूजीसीने २०२२ मध्ये पीएचडीची ती सक्ती काढली, आधी बनवलेली मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये गुंडाळली. पण क्रमवारीने व्यवस्थापनाला नवी भूक लावली. शिक्षकाला महिन्याच्या सभेत विचारलं जातं, पेपर किती. कशावर, हे विचारलं जात नाही. ही भूक आपलीच आहे असं नाही. सौदीतल्या विद्यापीठांनी परदेशी नामवंत संशोधकांना मानधन देऊन दुय्यम पत्ता म्हणून आपलं नाव लावायला लावलं, हे २०११ मध्येच उघड झालं. २०२३ मध्ये स्पेनच्या कोर्दोबा विद्यापीठाने आपल्या एका रसायनशास्त्रज्ञाला याच कारणासाठी १३ वर्षं निलंबित केलं. आणि ज्या चीनने ही पट्टी बनवली, त्याच्याच शिक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये नुसत्या पेपरांच्या संख्येवर बढती आणि बक्षीस देऊ नका असं फर्मान काढलं. एनआयआरएफनेही २०२५ मध्ये मागे घेतलेल्या, म्हणजे छापल्यावर खोट आढळून रद्द झालेल्या पेपरांसाठी गुण कापायला सुरुवात केली. उशिरा, पण बरं झालं.

विषयाची निवडही बदलते, आणि मला हे नुकसान सगळ्यांत मोठं वाटतं. रावेर-यावल पट्ट्यात केळीवर कुकुंबर मोझॅक व्हायरस येतो, शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटून टाकावं लागतं, लागवडीचा पैसा जातो. कोणत्या वाणात, कोणत्या महिन्याच्या लागवडीत, शेजारी काकडीवर्गीय पीक असताना तो किती पसरतो, याची गावोगावची नोंद हा खरा संशोधनाचा विषय. त्याला तीन हंगाम लागतात, आणि शेतकऱ्याला उपयोग व्हायचा तर तो मराठीत लिहावा लागतो. मराठीतला लेख स्कोपसमध्ये सहसा दिसत नाही. त्याऐवजी नॅनोकणांचा एखादा ठरावीक साच्यातला पेपर दोन महिन्यांत होतो, परदेशी संदर्भही मिळतात. तरुण शिक्षकाने काय करावं? खानदेशातल्या लोकदेवी कानबाईच्या गाण्यांवर किंवा अहिराणीच्या बोलींवर काम करणाऱ्याची तर गत विचारूच नका. त्याचं सगळं आयुष्य यादीच्या दृष्टीने रिकामं पान.

वाटेल की छोट्या गावातून मोठं काम होतच नाही. अमळनेर आठवा. श्रीमंत प्रतापशेटजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. जी. आर. मलकानी तिथे आयुष्यभर राहिले, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत काही काळ संचालक म्हणून आला. १९२५ पासून अमळनेरहून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघायचं आणि देशभरचे तत्त्वज्ञ त्यात लिहायचे. तिथे काय केलं होतं? अभ्यासकांना राहायला जागा, विद्यावेतन, ग्रंथालय, आणि वाचायला वेळ. आजचा कोणताही निकष लावला तर शिक्षक-विद्यार्थी प्रमाण सोडून त्या संस्थेला गुण पडले नसते.

तरी मी क्रमवारीच्या सरसकट विरोधात नाही. एनआयआरएफ येण्यापूर्वी आपली मुलं शिकून कुठे जातात याची नोंद खानदेशातल्या बहुतेक कॉलेजांत नव्हती. तीन वर्षांपूर्वीचा बी.कॉम.चा वर्ग आज काय करतो? कुणालाच माहीत नसे. रकाना आला म्हणून फोन सुरू झाले, आणि कळलं की बरीच मुलं सुरतेच्या कापड बाजारात हिशेब बघतात, काही अंकलेश्वरला, काही चाकणला, काही पोलीस भरतीच्या मैदानावर. ही माहिती हाती आल्यावर काही कॉलेजांनी टॅली आणि जीएसटीचे वर्ग सुरू केले. ग्रंथालयावर वर्षाला किती खर्च होतो हा आकडा संस्थाचालकांना वेबसाइटवर टाकावा लागतो, त्यामुळे ग्रंथपालाला मागायला तोंड मिळालं. दिव्यांगांसाठी रॅम्प आणि स्वच्छतागृह झालं तेही रकान्यामुळेच. काही ठिकाणी ते फोटोपुरतं झालं हेही खरं. एवढी लाज तरी यादीने आणली.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: आकडेवारी गोळा होते आणि उघड होते तिथवर क्रमवारीने व्यवस्था सुधारते. पैसा, कर्ज आणि संधी त्या क्रमांकाच्या मागे वाहू लागल्या की आधीच भरलेल्या हौदात आणखी पाणी पडतं, आणि देशाची सरासरी मुलं जिथे शिकतात ती कॉलेजं कोरडी पडतात. रशिया, फ्रान्स, भारत, तपशील निराळे असले तरी पैसा वरच्या थोड्यांकडे सरकलेला दिसतो. विद्यालक्ष्मीसारख्या योजनेत ‘त्या जिल्ह्यातलं नॅकची चांगली श्रेणी असलेलं कॉलेज’ अशी एक ओळ घातली असती तरी धुळ्याच्या त्या पालकांना मी वेगळं उत्तर दिलं असतं. सिनेट आणि संघटनांनी भांडायचं असेल तर क्रमांकासाठी न भांडता अशा ओळींसाठी आणि पदभरतीसाठी भांडावं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर व्हॉट्सॲपवरची ती जाहिरात डिलीट करा. पैसे देऊन छापून घेतलेला पेपर पुढे मागे घेतला गेला तर नाव तुमचं जातं, आणि आता गुणही कॉलेजचे जातात. ऑर्किडचं (ORCID, संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) खातं काढा आणि प्रत्येक पेपरवर विभाग, कॉलेज, गाव आणि विद्यापीठ एकाच ठरलेल्या स्पेलिंगने लिहा. ते स्पेलिंग विद्यापीठाच्या वेबसाइटवरून घ्या, सहकाऱ्याच्या जुन्या पेपरवरून नको. हरण्यावर काम करायचं असेल तर करा: मराठीत शेतकऱ्यांसाठी आधी लिहा आणि त्याच नोंदींवर नंतर इंग्रजी पेपर बांधा, केळी संशोधन केंद्रातलं कुणीतरी सोबत घेऊन. कॉलेजने एनआयआरएफमध्ये भाग घ्यावा, क्रमांक आला नाही तरी घ्यावा. नोडल ऑफिसरचं काम नेहमी नव्या माणसाच्या गळ्यात पडतं, तेव्हा ते तुमच्याकडे येईलच. आलं की सर्वांत आधी मागच्या तीन वर्षांत पास होऊन गेलेल्या मुलांचे चालू मोबाइल नंबर जमवायला घ्या. बाकी सगळे आकडे ऑफिसात हेडक्लार्ककडे मिळतात, ते एक मिळत नाही.